आळंदीहून घरी परतल्यावर: चूल आणि कीर्तनाची गादी

रामकृष्ण हरी माउली.

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला सांगता येईल. दहावीनंतर तुम्ही आळंदीला वारकरी शिक्षण घ्यायला गेलात. चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलात, मग दोन वर्षं तिथेच राहून लहान मुलांना पाठ दिलेत. आता वय 22. पाच महिन्यांपूर्वी परभणीकडच्या आपल्या गावी आलात. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. पहाटे चारला जाग येते, तुम्ही काकडा, म्हणजे पहाटेची भजनं, म्हणायला बसता आणि वहिनींचं लहान बाळ उठून रडतं. वडील म्हणतात, फवारणीला चल. गाव 'महाराज' म्हणून हाक मारतं, पण कीर्तनं आतापर्यंत दोनच मिळाली. एका ठिकाणी नारळ, उपरणं आणि 501 रुपये, दुसरीकडे गाडीभाडं धरून 1,100. मावसभाऊ पुण्याजवळ चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो ये. गेलो तर सहा वर्षं वाया गेली असं वाटेल, नाही गेलो तर घरच्यांवर ओझं. रात्री झोप नीट लागत नाही, आणि सारखं मनात येतं की परत आळंदीला निघून जावं.

मी आळंदीतच शिकलो. पुढे शेती केली, कीर्तनंही केली, दोन्ही अजून चालू आहेत. आमच्या भागातली परतलेली मुलं गेली बरीच वर्षं माझ्याकडे येऊन बसतात. कुणी आठवडाभर राहतो, शेतात हात लावतो आणि मग बोलतो. कुणी फोनवर रडतो. त्यांच्याकडे पाहून आणि स्वतःच्या अनुभवावरून जे उमगलं तेच सांगतोय.

कीर्तनकार व्हावं, कंपनीत जावं की आळंदीला परतावं, असं तुम्ही विचारलंय. मला यात तीन वेगळे गुंते दिसतात. पहिला दिवसाचा: इतकी वर्षं तुमचा दिवस कुणीतरी आखून देत होतं, आता तो तुम्हाला आखायचा आहे. दुसरा पोटाचा. तिसरा गावात तुमची जागा कोणती याचा. बहुतेक मुलं या तिन्हींवर मिळून एकच उत्तर काढतात, ते म्हणजे कीर्तन. कीर्तनं मिळायला लागली की दिवस भरेल, पैसा येईल आणि गाव म्हणतं ते 'महाराज'ही खरं ठरेल. इतका भार कीर्तनाला पेलत नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: घरची चूल आणि कीर्तनाची गादी निदान पहिली पाच वर्षं वेगळी ठेवा.

हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. घरावर कर्ज आहे का, भाऊ शेती सांभाळायला तयार आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. तुम्ही स्वतःच्या ओढीने आळंदीला गेला होतात की घरच्यांनी नवस बोलून पाठवलं होतं, याने तर सगळंच बदलतं. नवसापोटी गेलेल्या मुलाला परतल्यावर आधी स्वतःला विचारावं लागतं की यातलं माझं किती, आणि 'मला हे पुढे करायचं नाही' असं उत्तर आलं तरी त्यात पाप नाही. तुमच्या लिहिण्यातून ओढ तुमचीच दिसते. तसं धरूनच पुढचं लिहितो.

आता आळंदीतला दिवस आठवून बघा. पहाटे उठणं, अंघोळ, काकडा, पाठांतर, मग पाठ. दुपारी माधुकरी किंवा पंगत. परत पाठ, मृदंगावर हात, चालींचा सराव, संध्याकाळी हरिपाठ, आणि रात्री जवळपास कुठे कीर्तन असलं तर टाळ घेऊन मागे उभं राहायचं. माउलींची समाधी चालत जाण्याच्या अंतरावर. 'आज काय करू' असा प्रश्न तिथे पडतच नाही. मन लागलं नाही तरी आजूबाजूची पोरं तेच करत असतात, त्यांच्याबरोबर दिवस पुढे सरकतो. घरी आल्यावर तुमचं सगळं सकाळी सातच्या आत आटपतं आणि पुढचा अख्खा दिवस अंगावर येतो. झोप उडणं, चिडचिड होणं, घरच्यांच्या बोलण्या-खाण्यात दोष दिसणं, हे परतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला होतं. कांद्याचं रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं की काही दिवस मान टाकतं, तसं हे आहे. आपली भक्ती आटली असा अर्थ यातून काढू नका.

संस्थेतला दिवस जसाच्या तसा घरात उभा करायचा प्रयत्न करणारी मुलं फार लवकर थकतात. दोन महिने चालतं, मग एखाद्या लग्नात किंवा काढणीत नियम मोडतो, आणि मोडला की अपराधी वाटून सगळंच सुटतं. सगळा नेम सोडून दिलेली, माळही काढून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी आधी सगळ्यात कडक नियम करणारी होती. म्हणून नियम एवढाच धरा, की सोयाबीनची मळणी चालू असतानाही तो मोडणार नाही. संध्याकाळचा हरिपाठ, त्याला अर्धा तास पुरे. एकादशी. वर्षातून एक वारी. आणि ज्ञानेश्वरीच्या रोज पाच ओव्या, पण अर्थ धरून, स्वतःच्या वहीत दोन ओळी लिहून. नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. रोज पाच घेतल्या तर पाच वर्षांत ग्रंथ एकदा पुरा होतो. संस्थेत आपण परीक्षेसाठी, पाठांतरासाठी वाचतो. घरी एकट्याने केलेलं हे वाचन निराळं असतं, आणि पुढे गादीवर उभे राहाल तेव्हा हीच वही कामाला येईल.

काकड्याचं बोलायचं तर तो घरात म्हणू नका. बाळाची झोप मोडून म्हटलेल्या काकड्याने वहिनींच्या मनात विठ्ठलाबद्दल नव्हे, तुमच्याबद्दल अढी बसेल. पहाटे उठायची सवय मोडू नका, उठून मंदिरात जा. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो. पुष्कळ गावांत आता तो चार म्हाताऱ्या माणसांवर आणि भोंग्यावर उरलाय. यंदा तुमच्या गावचा काकडा तुम्ही उभा करा. त्यात एक पैसा मिळणार नाही, आणि पहिल्या वर्षी मिळूही नये. पण गाव तुम्हाला ओळखेल ते या महिन्यात.

घरच्या खाण्यापिण्यावर बोलू नका. तुम्ही माळकरी आहात, तुमचं ताट वेगळं ठेवा, भांडं वेगळं हवं असेल तर स्वतः घासा. आईला शास्त्र सांगत बसू नका. सहा वर्षं तिने तुमची वाट पाहिली आहे, तिला पोरगा परत हवाय.

आणि फवारणीला 'चल' म्हणायची वेळ वडिलांवर येऊ देऊ नका. त्यांच्या आधी निघा. सहा वर्षांत हात मऊ पडलेत, पहिले काही दिवस पाठ धरेल, मग जमेल. (फवारताना तोंडाला नुसतं फडकं बांधू नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि वाऱ्याच्या तोंडावर उभे राहू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नवख्या माणसाने तर जास्तच जपावं.) अठराव्या अध्यायातली स्वकर्मकुसुमांची ओवी तुम्हाला पाठ असणारच. तिच्यावर तुम्ही तासभर बोलू शकाल. पण आपल्या वाट्याला आलेल्या कामाची फुलं देवाला कशी वाहायची, हे संस्थेत कळायला वावच नसतो, कारण तिथे तुमच्या वाट्याला फक्त अभ्यास आलेला असतो. ती ओवी आता करून बघायची वेळ आली आहे.

आता कीर्तनाचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मुलं इथेच अडकतात.

गावात सप्ताह बसतो तेव्हा कीर्तनाच्या तारखा सात, आणि शेवटच्या काल्याच्या कीर्तनाची एक. त्यातल्या चार-पाच तारखा नाव असलेल्या महाराजांना जातात, कारण मंडळाला वर्गणी गोळा करायची असते आणि पत्रिकेवर नाव लागतं. उरलेल्या तारखा ओळखीवर जातात. नव्या मुलाला मग दशक्रिया, वर्षश्राद्ध, किंवा कुणाची तारीख अचानक रद्द झाली तर ती. शिवाय हंगाम असतो. चैत्रात रामनवमी ते हनुमान जयंती, श्रावण, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आसपास, महाशिवरात्र, एवढ्या दिवसांत तारखा दाटतात आणि मधले महिने कोरडे जातात. तुम्हाला पाच महिन्यांत दोन मिळाल्या, यात कमीपणा काही नाही. सुरुवात बहुतेकांची अशीच होते.

खरी अडचण तारखा मिळायला लागल्यावर येते. कीर्तनावर घर चालवायचं म्हटलं की पुढची तारीख मिळवणं हे काम होऊन बसतं. मग अभंगापेक्षा समोरचा हसतोय का याकडे लक्ष जातं. मंडळाच्या अध्यक्षाचं, गावच्या पुढाऱ्याचं नाव कीर्तनात चार वेळा घ्यावं लागतं. ज्या घरी सुनेला हुंड्यापायी छळलं त्याच घरच्या सप्ताहात हुंड्यावर बोलता येत नाही. मोबाईलवर एखादा विनोद गाजला की पुढच्या गावात लोक तोच मागतात. मी चांगल्या अभ्यासाची मुलं दोन-तीन वर्षांत पंधरा विनोद आणि पाच चालींवर आलेली पाहिली आहेत. ती वाईट मुलं नव्हती. घरी हप्ते थांबत नव्हते, एवढंच.

तुम्ही लिहिलंय की 1,100 रुपये घेताना तुकोबांचा अभंग आठवून हात कापला. तो अभंग आपल्या प्रत्येकाला आठवतो. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, आणि द्रव्य घेणारे व देणारे दोघेही नरकात जातात, इतकं स्पष्ट तुकोबांनी सांगितलंय. त्याचे सौम्य अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. मी ते लावत नाही, पण कुणाकडे बोटही दाखवत नाही. ज्यांचं पूर्ण आयुष्य यातच गेलं, ज्यांना दुसरं कुठलंच काम शिकायला मिळालं नाही, त्यांच्या घरात पोरंबाळं आहेत. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: ठरवून मागायचं नाही, गाडीभाडं घ्यायचं, आणि पाकीट दिलंच तर ते साथीला आलेल्या मृदंगाचार्य आणि गायकांत वाटून टाकायचं. त्यांचं बोट आणि गळा झिजतो, रात्रभर प्रवास होतो, सकाळी मजुरी बुडते. मृदंग शिकवण्याची फी घेण्यातही मला काही गैर वाटत नाही, ती विद्या शिकवण्याची मजुरी आहे. हे मला जमतं ते माझं घर शेतीवर चालतं म्हणून, हेही खरं. तुमचं घर कशावर चालेल हे ठरलं की हात कापायचा थांबेल.

सावतोबांचा मळा होता, गोरोबांचं चाक होतं, सेना महाराजांची धोकटी होती, नरहरी महाराजांचं सोनारकाम होतं. ही नावं आपण गादीवरून घेतो तेव्हा समोरच्या शेतकऱ्याला सांगतो की बाबा, तुझं काम करता करता देव भेटतो. मग आपण स्वतः कामावर जाताना सहा वर्षं वाया गेली असं म्हणायला लागलो, तर ते सांगणं खोटं पडतं. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या शिष्यांपैकी सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते, आणि कीर्तन-प्रवचन त्यांनी आयुष्यभर केलं. प्राचार्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणून ती उणी झाली नाही. तुम्ही मशीन चालवून सांगितली तरी होणार नाही.

तेव्हा चाकणला जायला माझी हरकत नाही. पण जाण्याआधी काही गोष्टी बघा. तुमचं शिक्षण दहावी. ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून घेतील, काही महिन्यांनी ब्रेक देतील, परत घेतील. त्यात वर्षं जातात आणि हाताला कसब येत नाही. म्हणून जाण्याच्या आधी किंवा जाता जाता बारावी करा. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. फॉर्मची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून याच महिन्यात जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचारा. तुमचं पाठांतर आणि मराठी-संस्कृत बघता कला शाखा जड जाणार नाही. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत बी.ए. करता येतं. दुसरी वाट आयटीआयची. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड दहावीवर मिळतात, आणि माझ्याकडे आलेल्या मुलांत सगळ्यात लवकर जी पायावर उभी राहिली ती आयटीआय केलेली. गावात इलेक्ट्रिशियनला काम कमी पडत नाही, आणि दिवस आपल्या हातात राहिल्याने सप्ताहातही उभं राहता येतं. मला विचाराल तर चाकणपेक्षा मी हीच वाट धरायला सांगेन. पोलीस भरतीचा विचार मनात असेल तर त्यालाही बारावी लागते आणि खुल्या गटात वय 28 च्या आत लागतं, म्हणजे बारावी पुढे ढकलू नका.

कंपनीत गेलातच तर पहिल्या महिन्यात ठेकेदाराकडून पीएफ खात्याचा यूएएन नंबर आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मागून घ्या. पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. गळ्यातली माळ लांब असेल तर फिरत्या मशीनवर ती घातक ठरते. गळ्याबरोबर बसणारी आखूड माळ करून घ्या आणि सदऱ्याच्या आत ठेवा, सुपरवायझरशी वाद घालू नका. नाइट शिफ्टच्या आठवड्यात हरिपाठ कामावर जाण्याआधी म्हणा. कॅन्टीनमध्ये एकादशीला काही मिळालं नाही तर शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू खिशात असू द्या. हे बारीकसारीक वाटतं, पण नेम सुटतो तो अशा जागी सुटतो.

आणि एक सांगतो. चाकणहून आळंदी जवळ आहे. सुटी मिळाली की संस्थेत जाऊन झोपायचं, तिथल्या पंगतीला बसायचं, असं करायला मन ओढेल. एकादशीला जरूर जा, दर्शन घ्या, गुरुजींना नमस्कार करा आणि खोलीवर परत या. राहायला कामगार मुलांबरोबरच राहा. मराठवाड्यातून आलेली पुष्कळ माणसं चाकण, भोसरी, पिंपरीत आहेत, त्यांची भजनी मंडळंही असतात, त्यांत जाऊन बसा. दिवसा कामगार आणि रात्री संस्थेचा विद्यार्थी असं दोन्हीकडे राहिलेलं मूल नव्या जागी रुजत नाही. वर्षानुवर्षं त्याला वाटत राहतं की खरं आयुष्य तिकडे आहे आणि इथे आपण नुसते दिवस ढकलतोय.

आता गावातल्या तुमच्या जागेबद्दल. मित्र तुम्हाला बघून गुटखा लपवतात, टपरीवर गेलात की बोलणं थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. याला वेळ लागतो. त्यांना न विचारता उपदेश करू नका, त्यांच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढायला जा, कुणाचं बैल-बारदान अडलं तर हात द्या. गुटखा खाऊ नका म्हणून सांगायची वेळ पुढे येईल, आणि तेव्हा ते ऐकतील. पांढरं धोतर, नेहरू शर्ट, फेटा हे कीर्तनासाठी ठेवा. शेतात इतर माणसं घालतात ते घाला. वडीलधारी माणसं 'महाराज' म्हणून पाया पडायला आली की तुम्हीही वाकून त्यांच्या पाया पडा. वारकऱ्याची रीतच ती आहे, आणि तिने तुमचं डोकं ठिकाणावर राहील.

लोक मुहूर्त विचारतील, मुलगा होईल का विचारतील, भावांच्या वाटणीत न्याय करायला बोलावतील. 'मला यातलं कळत नाही' हे वाक्य आत्तापासून तोंडात बसवा. आजारी माणसासाठी कुणी अंगारा मागितला तर दवाखान्याची वाट दाखवा. तुमचं शिक्षण संतवाङ्मयाचं झालंय. त्याच्या बाहेर दिलेलं एक उत्तर चुकलं तरी एखाद्याचं घर बसू शकतं.

इथवर जे सांगितलं ते थोडक्यात असं: नेम लहान पण अखंड, काम ठरलेलं, कीर्तन मिळेल तसं आणि मोलभाव न करता, आणि गावात शिकलेल्यापेक्षा शेजारी म्हणून आधी वावरणं.

परत आळंदीला जाण्याबद्दल. तिथे जाऊन शिकवण्याचं काम करायचं असेल, गुरुजींनी स्वतः बोलावलं असेल, मुदत आणि मानधन ठरलं असेल, तर ते चांगलं काम आहे. मग आईवडिलांच्या संमतीने जा. पण घरी करमत नाही म्हणून जायचं असेल तर एक पूर्ण हंगाम थांबा. सोयाबीन निघू द्या, कापसाची वेचणी होऊ द्या, संक्रांतीनंतर स्वतःला परत विचारा. करमत नाही म्हणून परत गेलेली मुलं काही वर्षांनी पुन्हा याच जागी येतात, फक्त वय वाढलेलं असतं आणि घरचा धीर सुटलेला असतो.

झोपेचं मात्र मी वेगळं काढून सांगतो. पहिल्या काही आठवड्यांची अस्वस्थता समजू शकते. पण पाच महिने झाले आणि झोप अजून लागत नाही. त्याबरोबर जेवण जात नसेल, नामातही मन लागत नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर त्याला वैराग्य समजू नका. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. नाम घ्या आणि औषधही घ्या, दोन्हींचं एकमेकांशी वैर नाही. आणि कुठल्याही संस्थेत असताना कुणी मारझोड केली असेल किंवा अंगाला नको तसा हात लावला असेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. संप्रदायाची बदनामी होईल म्हणून ते गिळून टाकू नका, विश्वासाच्या माणसाला सांगा. लहान मुलांच्या बाबतीत आजही काही चालू आहे असं माहीत असेल तर 1098 वर कळवा. संप्रदाय मोठा आहे, खरं बोलल्याने त्याला धक्का लागत नाही.

शेवटी तुम्ही लग्नाचं विचारलंय. मुलीकडचे 'मुलगा काय करतो' म्हणून विचारतात आणि 'कीर्तन करतो' म्हटलं की गप्प होतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना मुलीच्या पोटाची काळजी आहे. काम ठरल्याशिवाय स्थळं बघू नका, दोन वर्षं थांबलात तरी वय जात नाही. आणि बघायला गेलात तर मुलीशी स्वतः बोला आणि सगळं आधी सांगा: महिन्यातल्या किती रात्री बाहेर जाव्या लागतील, आषाढीला किती दिवस वारीत असाल, घरात काय शिजणार नाही, आणि कीर्तनातून घरात पैसा येणार नाही. तिच्यावर माळेची सक्ती करू नका, तिला घालावीशी वाटली तर ती घालेल. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे महाराज गावोगाव स्त्रीच्या सन्मानावर बोलतात आणि घरी बायको एकटी चूल, गुरं, सासू-सासरे आणि कर्ज सांभाळते. हंगामात आठवडाभर बाहेर राहाल तेव्हा शेतावर कोण जाईल, हे लग्नाआधीच भावाशी बोलून ठेवा.

आत्ता एवढंच करा. 17 नंबरच्या फॉर्मची आणि जवळच्या आयटीआयच्या पुढच्या प्रवेशाची चौकशी. मावसभावाकडे चार दिवस राहून त्याची खोली, त्याची शिफ्ट, त्याच्या हातात पडणारा पगार स्वतः बघून या. कोजागिरीच्या आधी गावातल्या चार म्हाताऱ्यांना भेटून काकड्याचं ठरवा. सोयाबीन घरात आल्यावर काय ठरलं ते कळवा, आयटीआयचा विचार पक्का झाला तर कोणता ट्रेड घ्यावा यावर तेव्हा बोलू.